भडंगला हरिपूरला देऊन आलो. आता आईला भेटायला न्यावं का?

गावभाग_ते_कोथरूड
१२ ऑक्टोबर, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. एरवी मी नुसता वाचणारा. आज लिहितोय, कारण घरात हा विषय काढायची सोय राहिलेली नाही.

सांगलीला, गावभागात, आईकडे एक बोका होता. होता म्हणजे आहेच, आता दुसऱ्यांकडे आहे. नाव भडंग. २०१९ च्या ऑगस्टात पाणी चढलं तेव्हा आमच्या जिन्याच्या नऊ पायऱ्या बुडाल्या होत्या आणि दहाव्या पायरीवर हा बसलेला. मूठभर जीव, भिजून चिचुंद्रीसारखा दिसत होता. बाबांनी पंच्यात गुंडाळून माडीवर आणला. दूध आदल्या दिवशीच संपलेलं. घरात चुरमुरे, शेंगदाणे आणि मेतकूट. गड्याने बाबांच्या तळहातावरचे चुरमुरे चाटले. अंगाचा रंगही हळद-तिखट लावल्यासारखा, त्यामुळे बारशाला वेळ लागला नाही.

२०२१ ला परत पाणी आलं तेव्हा हा आमच्याही आधी माडीवर जाऊन बसला. बाबा २०२२ ला गेले. मग घरात आई आणि भडंग, दोघंच.

यंदा जूनमध्ये आई न्हाणीत पडली, खुब्याचं हाड मोडलं. मिरजेत ऑपरेशन झालं, आता वॉकर घेऊन चालते. एकटीला ठेवणं शक्य नाही. आणि भडंगला पुण्याला आणणंही शक्य नाही, कारण माझ्या मुलाला दमा आहे. सांगलीला दोन रात्री राहिला तरी पंप लागतो. तपासणीत मांजराची ॲलर्जी ठळक निघाली आहे.

दीड महिना घर शोधलं. शेवटी हरिपूरला एक निवृत्त एसटी कंडक्टर आणि त्यांची बायको तयार झाले. मागे आवार आहे, चिंचेचं झाड आहे, माणसं चांगली आहेत. देऊन तीन आठवडे झाले.

आई यावर एक शब्द बोलत नाही. फक्त रोज संध्याकाळी दूध गाळताना साय एका वाटीत वेगळी काढते आणि ओट्याच्या कोपऱ्यात ठेवते. रात्री बायको ती गुपचूप विरजणात घालते. दोघींपैकी कुणीच काही म्हणत नाही.

नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी आईला सांगलीला न्यायचंय. बँकेपासून हरिपूर पंधरा मिनिटांवर. भेटवावं का? बोक्याला त्रास होईल का? आणि आईला?

माऊमावशी
१२ ऑक्टोबर, रात्री ११.५८

न्या हो. विचारताय काय! त्या सायीच्या वाटीनंच सांगितलंय की.

खडूस_आजोबा
१३ ऑक्टोबर, सकाळी ६.१०

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. सहा वर्षं सांभाळलेलं जनावर असं देऊन टाकायचं आणि मग भेटू का म्हणून धागा काढायचा. आईला पुण्याला नेण्याऐवजी सांगलीत चोवीस तासांची बाई ठेवता आली नसती का? आई आपल्या घरात, मांजर आपल्या घरात. तुमच्या सोयीसाठी दोघांनाही उपटून लावलंत.

वरणफळं
१३ ऑक्टोबर, सकाळी ७.४५

आजोबा, चोवीस तासांची बाई मिळते कुठे तो पत्ता द्या. मी वर्षभर शोधतेय. पहिली आठ दिवसांत गेली, दुसरी माझ्या सासूबाईंनी घालवली, तिसरीला सासूबाईंनी ठेवली पण ती मला चालेना.

जिरेसाळ
१३ ऑक्टोबर, सकाळी ८.०२

मूळ प्रश्नाला माझं उत्तर: नेऊ नका. मांजर घराचं असतं, माणसाचं नसतं. कुत्रं माणसाच्या मागे जातं, मांजर उंबऱ्याशी राहतं, असं आमची आजी म्हणायची. आता कुठे तीन आठवड्यांत नवा उंबरा आपला वाटायला लागला असेल, तोवर तुम्ही जुना वास घेऊन हजर होणार. ते बिचारं गोंधळेल आणि तुम्ही परत निघालात की शोधत बाहेर पडेल. हरिपूर ते गावभाग अंतर मांजराला काही फार नाही.

कृष्णाकाठचा_पैलवान
१३ ऑक्टोबर, सकाळी ८.३०

अंतराचं काढलंच हाय तर ऐका. आमच्या आज्ज्याचा एक बोका होता, लई वंगाळ. दूध सांडायचा, कोंबडीची पिल्लं उचलायचा. एक दिवस आज्ज्यानं त्याला पोत्यात घातलं, सायकलला बांधलं आन् आयर्विन पुलावरनं पलीकडं सांगलवाडीच्या मळ्यात सोडून आला. येताना पुलाच्या अलीकडं चा प्याला, एकाशी तंबाकू मळत बोलत बसला. घरी येतोय तर बोका चुलीम्होरं आंग चाटायलाय.

आज्जा मरंस्तोवर सांगायचा, "मी चा प्यायला थांबलो, त्यो न्हाई थांबला."

तिरकस
१३ ऑक्टोबर, सकाळी ८.४१

पुलावर टोल नव्हता म्हणून. नाहीतर बोका फास्टॅग करून आला असता.

माऊमावशी
१३ ऑक्टोबर, सकाळी ९.१५

पैलवान, हसले खरी, पण पोत्यात घालून सोडणं फार वाईट हो. माणसांना वाटतं, खेड्यात सोडलं म्हणजे उंदीर खाऊन जगेल. घरात वाढलेल्याला नवीन जागेत कुत्री आणि तिथले बोके फाडून खातात. धागाकर्त्याने दीड महिना घर शोधलं, याचं मला खरंच कौतुक वाटतं.

वकील_नाही_मी
१३ ऑक्टोबर, सकाळी ९.४०

आणि तो गुन्हाही आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा, कलम ११. उपासमार होईल अशा अवस्थेत जनावर सोडून देणं त्यात येतं. आता शिक्षा ऐका. पहिल्या गुन्ह्याला दंड १० रुपयांपासून ५० रुपयांपर्यंत.

तिरकस
१३ ऑक्टोबर, सकाळी ९.४४

म्हणजे एका भडंगच्या पाकिटाच्या आत. आज्जा पैसे टाकून पुन्हा चहाला गेला असता.

जयसिंगपूरकर
१३ ऑक्टोबर, सकाळी १०.०५

भडंगचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, खरं भडंग आमच्याकडचं. सांगलीकर उगाच श्रेय घेतात.

कृष्णाकाठचा_पैलवान
१३ ऑक्टोबर, सकाळी १०.०९

आलं का सुरू!! चुरमुरा आमचा, शेंगदाणा आमचा, लसूण आमचा. तुमचं काय, पिशवी?

जयसिंगपूरकर
१३ ऑक्टोबर, सकाळी १०.१२

पिशवीच तर महत्त्वाची. सांगलीचं तिसऱ्या दिवशी सादळतं.

(यानंतरचे अकरा प्रतिसाद "भडंगात लसूण ठेचून की चिरून" या धाग्यावर हलवले आहेत. — संपादक)

गुरांचा_डॉक्टर
१३ ऑक्टोबर, दुपारी २.२०

व्यवसायाने पशुवैद्य आहे, तालुक्याच्या दवाखान्यात. गाई-म्हशीच जास्त बघतो, पण मांजरंही येतात. थोडं सांगतो.

जिरेसाळ यांचं अर्धं बरोबर आहे. मांजराचा जागेवर फार जीव असतो. गाल घासून ते दाराच्या चौकटी, खुर्चीचे पाय, माणसांच्या पोटऱ्या, सगळ्यांवर आपला वास लावून ठेवतं आणि त्या वासाच्या नकाशात राहतं. नवीन घरी तो नकाशा कोरा असतो. म्हणून सुरुवातीला एकाच खोलीत ठेवायचं, तिथेच खाणं, तिथेच मातीचं घमेलं, जुन्या घरचं एखादं न धुतलेलं कापड. निदान दोन-तीन आठवडे घराबाहेर सोडायचं नाही. ही काळजी न घेता पहिल्याच दिवशी दार उघडलं की मांजर गायब होतं आणि मग "जुन्या घरी परत गेलं" म्हणतात. कितीतरी तर वाटेतच संपतात, त्यांच्या गोष्टी कुणी सांगत नाही.

पण मांजर माणसाला विसरतं हे खोटं. आवाज ओळखतं, वास ओळखतं. ओळखल्यावर काय करेल ते मात्र त्याच्या मर्जीवर.

महिना-दीड महिना उलटून गेला असेल, बोका नीट खात असेल, घमेलं वापरत असेल, तर भेटीने काही बिघडत नाही. खच्चीकरण झालंय का? लसी? आणि अजून एक: मुलाला पुण्याच्या घरीही पंप लागतोय का हल्ली?

गावभाग_ते_कोथरूड
१३ ऑक्टोबर, रात्री १०.५०

सगळ्यांचे आभार. खडूस आजोबा, राग नाही. हे सगळं मी स्वतःलाच रोज रात्री म्हणतो, तुम्ही फक्त सकाळी म्हणालात.

डॉक्टर, खच्चीकरण २०२० मध्येच केलं. तिहेरी लस आणि रेबीज दरवर्षी, फाईल कंडक्टरकाकांना दिली आहे. त्यांनी मागच्या खोलीत वीस दिवस ठेवला होता. पहिले दोन दिवस कपाटामागे बसला, तिसऱ्या रात्री खाल्लं.

आणि हो, गेले तीन आठवडे मुलाला पंप लागतोय. आम्ही म्हटलं हवा बदलली. तुम्ही का विचारलंत?

गुरांचा_डॉक्टर
१३ ऑक्टोबर, रात्री ११.१५

मांजराची ॲलर्जी केसांची नसते. त्याच्या लाळेत आणि कातडीत एक प्रथिन असतं. ते अंग चाटतं, लाळ वाळते आणि तिची अगदी बारीक धूळ होते. ती कपड्यांना, गाद्यांना चिकटून बसते. मांजर गेल्यावरही घरात ती महिनोन् महिने राहते. आई सांगलीहून काय काय घेऊन आल्यात ते बघा. पांघरूण, उशी, स्वेटर.

गावभाग_ते_कोथरूड
१३ ऑक्टोबर, रात्री ११.३१

गोधडी.

आजीच्या लुगड्यांची आहे. भडंग तिच्यावरच झोपायचा.

तळ्यातमळ्यात
१४ ऑक्टोबर, सकाळी ११.००

मध्येच घुसते, माफ करा. मला सातवा महिना आहे आणि घरात मनी आहे. सासूबाई रोज म्हणतात मांजर देऊन टाक, बाळाला रोग होतो. माझ्या डॉक्टर नुसत्या "जपा" म्हणतात. खरंच द्यावं लागेल का?

गुरांचा_डॉक्टर
१४ ऑक्टोबर, दुपारी १.४०

तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना "टोक्सोप्लाझ्माची रक्ततपासणी करायची का" असं नाव घेऊन विचारा, म्हणजे "जपा"च्या पुढे जातील.

बाकी मांजर द्यायची गरज नसते. हा जंतू मांजराच्या शीतून येतो, पण मांजर बहुधा पहिल्यांदा बाधा झाल्यावर दोन-तीन आठवडेच तो टाकतं, आयुष्यभर नाही. शिवाय शी ताजी असताना तो लागत नाही, एक ते पाच दिवसांनी लागणारा होतो. म्हणून घमेलं रोज साफ करायचं आणि ते तुम्ही नाही, नवऱ्याने. मनीला कच्चं मटण देऊ नका. तुम्ही भाज्या नीट धुवा, बागेतल्या मातीत हात घालताना हातमोजे घाला. कच्चं राहिलेलं मांस आणि न धुतलेल्या भाज्या, धोका तिथे जास्त असतो.

तळ्यातमळ्यात
१४ ऑक्टोबर, दुपारी १.५५

"तुम्ही नाही, नवऱ्याने" याचा स्क्रीनशॉट काढून फ्रीजवर लावलाय. सासूबाई आता म्हणतात, राहू दे मांजर, पण माझ्या मुलाला घमेलं उचलायला लावू नकोस.

शुद्धशाकाहारी
१४ ऑक्टोबर, संध्याकाळी ४.१०

कंडक्टरकाका माळकरी आहेत का? हरिपूरला बरेच आहेत म्हणून विचारलं. मग बोक्याचं खाणं? आमच्याकडे मांजरं पिढ्यान् पिढ्या दूधभातावर जगली.

गुरांचा_डॉक्टर
१४ ऑक्टोबर, संध्याकाळी ६.००

जगली कारण उरलेलं ती बाहेर खात होती. मांजराला टॉरिन नावाचं एक पोषकद्रव्य लागतं, ते मांसातून मिळतं आणि त्याचं शरीर ते पुरेसं बनवू शकत नाही. कमी पडलं तर डोळे जातात, हृदय कमजोर होतं. मोठ्या मांजरांना दूधही बहुतेकदा पचत नाही, पोट बिघडतं. मांजरांसाठीचं कोरडं खाणं मिळतं, त्यात टॉरिन घातलेलं असतं. घरी मांस आणायचं नसेल तर तो मार्ग.

गावभाग_ते_कोथरूड
१४ ऑक्टोबर, रात्री ९.३०

काका-काकू दोघंही माळकरी. कोरडं खाणं मी पाठवतो, पिशवी महिनाभर पुरते. काका पैसे घ्यायला तयार नव्हते. म्हणाले, "बत्तीस वर्षं तिकिटं फाडली. एक फुकट प्रवासी चालतोय की."

आमचंही घर शाकाहारीच. पण बाबा गेल्यावर शेजारच्या काकू दारात येऊन आईला विचारू लागल्या, "सुकट आता कुणाकडं देऊ?" तेव्हा कळलं की बाबा तीन वर्षं रोज संध्याकाळी "देवळात जाऊन येतो" म्हणून कुठे जात होते.

वरणफळं
१४ ऑक्टोबर, रात्री ९.३६

😂😂 बाबांना दंडवत. आणि आईंनी काय केलं?

गावभाग_ते_कोथरूड
१४ ऑक्टोबर, रात्री ९.४८

आई म्हणाली, "मागच्या दाराने द्या."

रंगारी
१५ ऑक्टोबर, सकाळी ९.००

तांबूस-पिवळ्या मांजरांत दहातले आठ तरी बोकेच असतात. त्या रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, बोक्याकडे एक्स एकच, त्यामुळे एकदा मिळालं की अख्खा तसाच. मादीला दोन्हीकडून मिळावं लागतं. एकीकडूनच मिळालं तर काळं-पिवळं मिश्रण होतं, म्हणून तीनरंगी मांजर जवळपास नेहमी मादी. धाग्याशी संबंध नाही, पण भडंगचा फोटो टाका.

आमचं_मांजर_जर्मनीत
१५ ऑक्टोबर, दुपारी १२.१५

लेकीने तिची मनी जर्मनीला नेली, त्याची गंमत सांगतो. आधी चिप बसवायची, मग रेबीजची लस, मग तीस दिवस थांबून रक्त काढायचं, ते मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचं, त्यात लस लागू पडल्याचा आकडा ०.५ किंवा त्याच्या वर आला तर रक्त काढल्या दिवसापासून आणखी तीन महिने थांबायचं. वर कागदपत्रं. लेकीचा व्हिसा तीन आठवड्यांत आला, मनीचं सहा महिन्यांनी जमलं. ते सहा महिने ती माझ्या उशाशी होती. मी मांजर न आवडणारा माणूस. विमानतळावर पिंजरा आत गेला तेव्हा बायको म्हणाली, "अहो, लेक गेली तेव्हा इतके रडला नव्हतात."

तिरकस
१५ ऑक्टोबर, दुपारी १२.३०

लेक सुटीला येते. मनी येणार नाही, तिला परतीच्या तीन महिन्यांचा कंटाळा.

अजिंक्यताऱ्याच्या_पायथ्याशी
१५ ऑक्टोबर, रात्री ११.१०

दोन दिवस वाचतेय, लिहू की नको करत होते.

आम्ही साताऱ्यात असताना माझ्याकडे ठकी होती. काळीपांढरी, एक कान फाटका. २०१६ ला नवऱ्याची बदली नागपूरला झाली, कंपनीचं क्वार्टर, चौथा मजला. शाळेतल्या एका बाईंना दिली. त्यांचं घर पोवई नाक्याजवळ, माझ्या माहेरी जायच्या रस्त्यावरच. मी वर्षातून तीनदा साताऱ्यात यायचे आणि दर वेळी रिक्षावाल्याला दुसऱ्या रस्त्याने घ्यायला सांगायचे. वाटायचं, ती मला बघून सैरभैर होईल. लोकांनीही हेच सांगितलं, वर जिरेसाळ यांनी लिहिलंय अगदी तेच. मी फोनवर चौकशी करायचे. "मजेत आहे" असं उत्तर यायचं.

२०१९ च्या दिवाळीत मिठाई घेऊन गेले. धीर करून. तर बाई म्हणाल्या, "अगं, ती श्रावणातच गेली. तुला वाईट वाटेल म्हणून कळवलं नाही." त्यांच्या अंगणात पारिजातकाखाली पुरली होती. मी तिथे उभी राहिले, हातात काजूकतलीचा डबा. काय करावं कळेना, डबा तसाच घेऊन परत आले.

तिला त्रास होऊ नये म्हणून मी गेले नाही, असं तीन वर्षं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे ती मजेत आहे हे डोळ्यांनी बघायची मला भीती होती.

तुम्ही आईंना विचारा. तुम्हीच ठरवू नका.

माऊमावशी
१५ ऑक्टोबर, रात्री ११.२५

🙏

जिरेसाळ
१६ ऑक्टोबर, सकाळी ७.३०

ताई, माझं नाव घेतलंत म्हणून लिहितो. मी "नेऊ नका" म्हणालो ते अजूनही मांजराच्या बाजूनेच म्हणेन. माणसाच्या बाजूचा विचार मी केला नव्हता, हे कबूल.

खडूस_आजोबा
१६ ऑक्टोबर, सकाळी ७.५०

आईने निरोप घेतला होता का नीट? तुम्ही तो प्रसंगच लिहिलेला नाही.

गावभाग_ते_कोथरूड
१६ ऑक्टोबर, रात्री ११.५५

आजोबा, बरोबर पकडलंत. टाळलंच होतं.

पिंजरा नव्हता. मंडईतून द्राक्षाचे दोन क्रेट आणले, एकावर एक उपडे ठेवून सुतळीने बांधले. आईने खाली तिची जुनी सुती साडी घातली. सकाळी आठला निघायचं होतं. साडेसहाला तिने त्याला फणीने विंचरलं, कानामागून सुरुवात करून शेपटीपर्यंत, जसं रोज करायची. फणीत अडकलेले केस काढून बोटांत गोळी केली. मग म्हणाली, "घाल आत." तो सहज आत गेला. क्रेटच्या भोकातून एक पंजा बाहेर काढून ठेवला होता, ओरडलाही नाही.

मला वाटलं ती दारापर्यंत येईल. ती वॉकर वळवून स्वयंपाकघरात गेली. "जा लवकर, उन्हं होतील." मी क्रेट गाडीत ठेवेपर्यंत आतून मिक्सरचा आवाज सुरू झाला, तो मी गाडी वळवली तरी चालूच.

परत आलो तेव्हा भांड्यात शेंगदाण्याचा गोळा झाला होता. कुटाला तेल सुटून गेलं होतं. आम्ही दोघांनी दुपारी तेच भाकरीबरोबर खाल्लं.

पैठणीची_घडी
१७ ऑक्टोबर, सकाळी ६.४५

ऑफिसच्या बसमध्ये वाचलं. शेजारची बाई विचारतेय काय झालं.

खडूस_आजोबा
१७ ऑक्टोबर, सकाळी ८.१५

न्या भेटायला.

कृष्णाकाठचा_पैलवान
१७ ऑक्टोबर, सकाळी ८.२०

आजोबा विरघळले, तारीख नोंदवून ठेवा. भाऊ, हरिपूरला एक भारी हाय, तिथं जुन्या काळची हळदीची पेवं होती, जमिनीखाली. २००५ च्या पुरात बरीच गेली. आमच्याकडं म्हणायचे, पेवाजवळच्या मांजराला उंदराची कमी न्हाई. माळकऱ्याच्या घरी बोका उपाशी न्हाई ऱ्हात, भिऊ नका.

वरणफळं
२८ नोव्हेंबर, सकाळी १०.००

धागा वर काढतेय. हयातीचे दाखले द्यायची मुदत संपत आली. झालं का सांगली?

गावभाग_ते_कोथरूड
३० नोव्हेंबर, रात्री १०.४०

झालं. गेल्या मंगळवारी.

आईला आधी विचारलं, ताईंनी सांगितलं तसं. तिने भाजी निवडता निवडता विचारलं, "गोधडी घेऊन जाता येईल का?" तिचं काय चाललंय ते मला कळेना. डॉक्टरांनी सांगितल्यापासून ती गोधडी आम्ही प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर ठेवली होती. गरम पाण्यात धुऊ म्हटलं तर आईने धुवू दिली नव्हती. मुलाचा पंप मात्र पंधरा दिवसांत कमी झाला.

बँकेत अंगठा उमटायला अर्धा तास लागला. म्हातारपणी रेषा झिजतात म्हणे. तिथून हरिपूर. काकूंनी ओसरीत खुर्ची ठेवली होती. भडंग मागच्या आवारात भिंतीवर बसलेला. जाड झालाय. काकांनी हाक मारली, "बापू!" आणि तो आला. त्याचं नाव आता बापू आहे. मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

आईने "भडंग" म्हटलं. त्याचे दोन्ही कान वळले, अंग नाही. मग सावकाश आला, वॉकरचे चारही पाय एकेक करून हुंगले. आईच्या पायाशी थांबला, तिच्या पोटरीला गाल घासला, एकदाच. आईने उचलायला हात खाली केले, तर तो बाजूला झाला. मी आईकडे बघायचं टाळलं.

मग तिने पिशवीची गाठ सोडली आणि गोधडी ओसरीवर पसरली. हा चढला, चार फेऱ्या मारल्या, पंजे आतबाहेर करत तुडवत बसला बराच वेळ, आणि झोपला. आई म्हणाली, "गोधडी ओळखली बघ." आणि हसली. सप्टेंबरनंतर पहिल्यांदा.

तासभर बसलो. काकूंनी कांदेपोहे केले. आईने काकूंना फणी दिली, आणि कुठल्या बाजूने सुरुवात करायची ते दाखवलं. निघताना गोधडी तिथेच राहिली. तो उठला नाही.

परतीला कासेगाव ओलांडेपर्यंत आई काही बोलली नाही. मग म्हणाली, "बापू काही वाईट नाव नाही."

माऊमावशी
३० नोव्हेंबर, रात्री १०.५२

फोटो! फोटो! दीड महिना मागतोय आम्ही.

जिरेसाळ
१ डिसेंबर, सकाळी ७.२५

नंतर सैरभैर झाला का, काकांना विचारलंत?

गावभाग_ते_कोथरूड
१ डिसेंबर, रात्री ९.१०

विचारलं. काका म्हणाले, "कशाला होतोय? त्या गोधडीवरनं उतरायलाच तयार नाही. आमच्या हिला शेंगा वाळवायला ओसरी मिळेना."

फोटो उद्या चढवतो, या मोबाईलवरून साइझ मोठी होतेय.

तिरकस
१ डिसेंबर, रात्री ९.१४

आणि साय?

गावभाग_ते_कोथरूड
१ डिसेंबर, रात्री ९.३०

अजून काढते. बायको अजून विरजणात घालते. परवा लोणी कढवलं, तूप नेहमीपेक्षा वाटीभर जास्त निघालं.